भुताचं जेवण

मुलांनो, कल्पना करा, तुमच्या कानांवर जाडजूड हेडफोन आहेत. समोरच्या पडद्यावर अकोल्याकडची बंद पडलेली एक जिनिंग गिरणी आहे, कापसाच्या गंज्या आहेत, आणि तुमच्या हातातली बॅटरी विझत आली आहे. गंजीमागे कोणीतरी जेवत बसलंय. ते दिसत नाही, फक्त ऐकू येतं. काहीतरी लिबलिबीत तोंडात घोळतंय, ओठांवरून ओघळतंय, पुन्हा आत ओढलं जातंय. मग दोन घोट. मग भांड्यावर काहीतरी आपटतं, टण्ण. आणि शेवटी एक बारीक ‘हं’.

तुम्ही काय म्हणाल? अमरावतीच्या एका कॉलेजातल्या प्रदर्शनात सकाळपासून सगळे म्हणत होते तेच. शी!

टेबलावर पाटी होती, ‘तीस सेकंद ऐकून दाखवा’. भुताचा हा गेम ईशानने दीड वर्ष खपून बनवला होता. त्याचा मित्र गौरांग मोबाइल धरून प्रत्येकाचं वाकडं होणारं तोंड टिपत होता. ही सगळी तोंडं जोडून गेमची जाहिरात करायची होती.

गौरांग चहाला गेला तेव्हा ईशानच्या चुलत बहिणीने, दहा वर्षांच्या अश्लेषाने, पहिल्यांदाच हेडफोन लावले. दोन घोट. टण्ण. हं.

तिने हेडफोन काढून ठेवले. ती शी म्हणाली नाही. चमचा वाटीवर आपटून, ‘हं’ करून आणखी दूध मागणारं तिच्या घरात एकच माणूस होतं, तिचे आजोबा.

“दादा, हे त आबाजी आहेत.”

ईशान संत्र्याची फोड चोखत होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं. “हळू बोल ना. कोनाले कळून राह्यलं?”

“तू म्हनला होता, आबाजीचा आवाज गेममध्ये घेतो. म्हनून मी त्यायच्या जेवनाच्या वेळी तांब्यामागं मोबाइल चालू ठेवला. तीन दिवस!”

“मंग घेतला ना?”

“भुताले देल्ला!”

“लकवा झाल्यापासून आबाजी बोलतात तरी किती? जेवनाचाच आवाज उरला हाये त्यायचा. अन् असा आवाज मागून भेटत नाही.” त्याने फोड सुर्रकन ओढली आणि बी टेबलाखाली थुंकली.

 हा सबंध आठवडा अश्लेषा आबाजींना रोज सांगत होती, तुमी गेममध्ये आहात. आणि आज ते ऐकायला येणार होते.

आलेच. दाराशी ऑटो थांबला. आबाजींनी इस्त्रीचा सदरा घातला होता, केसांना तेल लावून भांग पाडला होता. एक पाय ओढत, सरोजिनी आजीच्या खांद्याचा आधार घेत ते टेबलाशी पोचले. आजीच्या दुसऱ्या हातात त्यांच्या दुपारच्या जेवणाचा डबा होता. तिवस्याच्या शाळेत मास्तर असताना या माणसाने पाढे म्हटले की रस्त्यावरची माणसं थांबत. आता शब्द तोंडाच्या एकाच कडेने, एकेक करून बाहेर येत.

“माहा... आवाज... ऐकव.”

“राहू द्या, आबाजी,” ईशान म्हणाला. “लय भयानक हाये ते.”

चहाहून परतलेल्या गौरांगला यातलं काहीच माहीत नव्हतं. “अबे, ऐकू दे ना! आजोबांचं तोंड एक नंबर येईल,” असं म्हणत त्याने मोबाइल वर केला.

आबाजींनी चालत्या हाताने स्वतःच हेडफोन चढवले. दहा सेकंद गेले. पंधरा. चेहऱ्याची हलणारी बाजू आक्रसली. त्यांनी हेडफोन खाली ओढले.

“शी,” ते म्हणाले. “मानूस हाये... का डुक्कर?”

टेबलापुढची रांग खळखळून हसली. गौरांगने अंगठा दाखवला. ईशान कीबोर्डकडे पाहत राहिला.

आबाजी हसले नाहीत. त्यांनी आजीच्या हातातल्या डब्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या हाताकडे.

“दूध-भाकर... हाये का ते?” त्यांनी हळूच विचारलं. “कोन खाऊन राह्यलं?”



“मी,” अश्लेषा म्हणाली.

“तू?”

“हो, आबाजी, मीच. दादा म्हने, घाणेरडं जेवून दाखव. तुमचा आवाज लय चांगला होता. तो भुताले कसा द्याचा?”

आबाजींनी तिला नीट न्याहाळलं. चुकीचं उत्तर देणाऱ्या पोराला वर्गात न्याहाळायचे तसं. मग मान हलवली. “तू त... असं जेवत नाही, बाई.”

आता सगळी रांग तिच्याकडे पाहत होती. गौरांगचा मोबाइलही तिच्याकडे वळला.

अश्लेषाने आजीच्या हातातून डबा घेतला. झाकण काढलं. पाचही बोटं दूध-भाकरीत बुडवली, मूठभर काला तोंडात कोंबला आणि तोंड उघडं ठेवून चघळू लागली. दूध हनुवटीवरून गळ्यात आणि गळ्यावरून नव्या ड्रेसवर ओघळलं. ओठांवर उरलेलं तिने सुर्रकन आत ओढलं. दोन घोट घेतले. मग डब्यातला चमचा काढून डब्यावर आपटला. टण्ण.

“शी!” रांगेतून कोणीतरी ओरडलं.

अश्लेषाने डबा आजीपुढे धरला आणि म्हणाली, “हं.”