विटकरी प्लग

चौथ्यांदा बोआडूने टॅक्सी ढकलत गॅरेजात आणली, तेव्हा फ्रिम्पोमाने पाना उचलला आणि इंजिनातला स्पार्क प्लग काढला. त्यावर विटकरी पूड बसली होती.

"फिटर मॅडम, लोक म्हणतात दोष तुमच्या हातात आहे," बोआडू म्हणाला. "मी नाही हं म्हणत."

"तू तसं म्हणून तर बघ! हा पाना कुठे बसेल सांगता येत नाही."

कुमासी शहरातल्या सुआमे या गॅरेजांच्या भागात बावीस वर्षं खपून तिने नाव कमावलं होतं. आता तिने दुरुस्त केलेली इंजिनं महिन्याभरात परत येत होती, गिऱ्हाईकं पलीकडच्या गल्लीत वळत होती. हे नाव ती सहजासहजी जाऊ देणार नव्हती.

विटकरी पूड म्हणजे पेट्रोलमध्ये जोर वाढवायला घालतात ते मँगनीजचं औषध. जास्त झालं की प्लग मरतो आणि विषारी धूर रस्त्यावरच्यांच्या छातीत जातो. तिचे सगळे टॅक्सीवाले न्यार्कोच्या पंपावर भरायचे. तिने अठरा प्लग नेऊन त्याच्या टेबलावर ओतले.

"माझं पेट्रोल स्वच्छ आहे, बाई," न्यार्को म्हणाला.

"मग तपासू दे."

"खुशाल तपासा. स्वच्छ निघालं तर?"

"तर इथेच, सगळ्यांसमोर तुझी माफी मागेन."

एक नमुना पंपावरचा, एक बोआडूच्या टाकीतला. तपासणी कार्यालयाचे तीन हेलपाटे झाले, पण फ्रिम्पोमा हटली नाही. शेवटी तिथल्या अधिकारी आडोमाबाई स्वतःच कागद घेऊन गॅरेजात आल्या.

"पंप स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "टाकीत मात्र मँगनीज दसपट. त्याच पंपावर भरणाऱ्या, पण तुमच्याकडे न येणाऱ्या गाड्यांचे प्लग ठणठणीत आहेत. तुमच्याकडे टाकीत कोण काय घालतं?"

"माझ्याकडे भेसळ?" तिचा संताप झाला. "प्यायचं पाणीसुद्धा गाळून देते मी!"

तेवढ्यात पुन्हा दुरुस्त झालेल्या टॅक्सीतून बोआडूने हॉर्न वाजवला. "मॅडम, निघतो. माझं वरचं राहिलं की!"

सुआमेत टोमॅटोवालीसुद्धा तोलून झाल्यावर वर दोन टोमॅटो फुकट टाकते. गिऱ्हाईकाला नुसतंच पाठवणं फ्रिम्पोमाला कधी जमलंच नव्हतं. ती सवयीने उठली, फळीवरची 'इंजिनाला दुप्पट ताकद' लिहिलेली बाटली काढली, टाकीचं झाकण उघडलं, आणि अर्धी बाटली ओतून झाल्यावर तिचा हात थांबला.