बोगद्यावरचं रान

"सगळं एकहाती केलंय," फिटर म्हणाला, आणि मासिकाकडून आलेल्या मुलीने ते वहीत उतरवून घेतलं.

चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या असलेल्या त्याच्या बायकोने ते ऐकलं. तिने ट्रे पायरीवर ठेवला, म्हणजे आपटलाच. पण त्याच वेळी परसात मांडलेल्या छोट्या रेल्वेच्या बोगद्यातून वीतभर उंचीचं इंजिन पाच डबे ओढत बाहेर आलं, फोटोवाला गुडघ्यांवर बसला, आणि कपबशांच्या आवाजाकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

"काका, बोगद्यावरची ही इवली झाडं किती खरी वाटतात," मुलगी म्हणाली.

"खरीच आहेत. इथली मातीच चांगली आहे."

माती चांगली आहे! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. नऊ वर्षं दर रविवारी नखं कापायच्या कात्रीने ती त्या झाडांचे शेंडे छाटत आली होती. मुळं पसरली की रूळ उचलले जातात, म्हणून एकेक रोप पत्र्याच्या डब्यात लावून डबाच मातीत पुरायचा, ही युक्ती तिची. वर्षातून एकदा सगळे डबे उपसून मुळं कापायची, ती कंबरमोडही तिचीच. त्या दिवशी हा गृहस्थ खुर्चीत बसून इंजिनाला तेल देणार आणि तिचा हात रुळाला लागला की जागेवरूनच खेकसणार. रूळ त्याने टाकले, इंजिनं त्याने घडवली, हे तिने कधी नाकारलं नव्हतं. पण नुसतं लोखंडाचं वेटोळं बघायला कोण येतं?

तरी तिने एक संधी दिली. "अहो, झाडांचं नीट सांगा की त्यांना."

"सांगितलं ना. तू चहा दे, त्यांना उशीर होतोय." हे बोलताना त्याचा अंगठा हातातल्या गाडीच्या बटणावर आणि नजर गाडीवरच होती.

ती परसात उतरली. बोगद्याच्या टेकडीपाशी बसून तिने मातीत बोटं घातली आणि पहिला डबा उपटला. मग दुसरा. मग तिसरा. बघता बघता टेकडी बोडकी झाली, नुसती भोकं उरली.

"अगं, काय चाललंय हे? फोटो काढायचेत अजून."

"काढा की. माझं तेवढं मी उचलतेय."

मुलीची लेखणी थांबली. "काकू, ही झाडं तुम्ही लावलीत?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. हे उत्तर तिला त्याच्या तोंडून हवं होतं.

"हौस आहे तिला थोडी," फिटर हसून म्हणाला. "पाणीबिणी घालते."

रागाने तिचे कान तापले. मातीने बरबटलेले, मावतील तेवढे डबे दोन्ही हातांत छातीशी धरून ती उठली, चार पावलं चालली आणि बरोबर रुळावर जाऊन उभी राहिली. वळणावरून गाडी आली. इंजिनाने तिच्या टाचेला धडक दिली. लागलं तिला, पण ती हलली नाही. चाकं जागच्या जागी फिरत राहिली, आणि जळक्या तेलाचा वास सुटला.

"पाय काढ. मोटर जळेल."

ती तशीच उभी.

"अगं, नऊ वर्षांची मेहनत आहे ती. पाय काढ म्हणतो ना."

"बटण तुमच्या हातात आहे," ती म्हणाली.