रविवारची पाठदुखी

जॉर्डनमधल्या इर्बिदच्या सरकारी दवाखान्यात निर्वासितांच्या कार्डावर उपचार फुकट होते, आणि सीरियातल्या होम्सहून आलेला म्हातारा अबू कुतैबा त्याचा पुरेपूर फायदा घेई. तिथला कामाचा आठवडा सुरू झाला की, दर रविवारी स्वारी हजर, तक्रार एकच: पाठ. चाल मात्र हवालदारासारखी ताठ!

नोंदणीच्या खिडकीवरचा कारकून खल्दून शेवटी वैतागला. "दोन वर्षं झाली, अबू कुतैबा! एवढ्या औषधांनी गाढवाचीही पाठ बरी झाली असती. डॉक्टर तरी बदलून बघा!"

"नको रे बाबा, पोरगी हुशार आहे," म्हातारा हसला. "आणि तुमच्या सरकारने आम्हाला उपचार घ्यायची तेवढी परवानगी दिलीय. कामधंद्याची कुठे दिलीय?"

तो आत गेला, पण कार्ड खिडकीतच राहिलं. ते द्यायला म्हणून खल्दूनने डॉक्टरीणबाईंचं दार ढकललं. म्हातारा त्यांच्या खुर्चीत बसला होता, आणि बाई केसपेपरांचा गठ्ठा घेऊन समोर उभ्या होत्या.



"उस्ताद, आज पाच रोगी अवघड आहेत. औषध तुम्ही सांगा, सही मी करते."