नाही म्हणणारं माणूस

"इथं नाव कुणाचं टाकू?" वकिलांनी विचारलं.

"प्रणालीचं," खुशालराव म्हणाले.

प्रणालीच्या नवऱ्यानं, अमोलनं, मान वर केली. प्रणालीला आधी वाटलं, सासऱ्यांची जीभ पुन्हा घसरली. दिवाळीत त्यांना अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला होता. तेव्हापासून एका नावाऐवजी कधी दुसरंच तोंडात येई. पण खुशालरावांनी तिच्याकडे बोट केलं. "हे. माही सून."

वकिलांच्या राजापेठेतल्या त्या लहानशा खोलीत सकाळपासून बरंच उरकलं होतं. मृत्युपत्र झालं होतं. बँकेच्या खात्यावर गोदाबाईंचं, म्हणजे खुशालरावांच्या बायकोचं, नाव चढवायचा अर्ज तयार होता. राहिला होता तो शेवटचा कागद. पुढं कधी खुशालराव शुद्धीत नसले आणि डॉक्टरांनीच आशा सोडली, तर त्यांना मशीनवर ठेवू नये, असं त्यांनी त्यात लिहवून घेतलं होतं. तेव्हा दवाखान्यानं कुणाला विचारायचं, एवढीच ओळ रिकामी होती.

"बाबा, मी पोरगा हावो तुमचा," अमोल म्हणाला.

"म्हनूनच. तू रडशीन आन म्हनशीन, अजून दोन दिवस पाहू. तुही माय बी तेच म्हनीन. दादाच्या येळी काय झालं?"

काय झालं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. भगवंतराव, खुशालरावांचे थोरले भाऊ, नागपूरच्या दवाखान्यात मशीनवर होते. यातून माणूस परत येणार नाही, असं डॉक्टर रोज सांगत. पण रोज गावाकडून कुणी ना कुणी भेटायला येई, दाराच्या काचेतून पाही आणि म्हणे, श्वास चालू हाये ना, मशीन काढू नका. नको म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही. वरूडजवळची त्यांची संत्र्याची बाग त्यात गेली. माणूसही गेलाच. त्यांची बायको आता त्याच बागेत मजुरीनं तोडणीला जाते.

"मी नाई, मामाजी," प्रणाली म्हणाली.

"पाहा," खुशालराव वकिलांकडे वळले, "कशी तोंडावर नाई म्हनते. साऱ्या घरात एकटीच हाये अशी. चहात साखर मांगतली, नाई. बिडी मांगतली, नाई. मी शिव्या देतो, तरी नाई."

वकील हसले. प्रणाली हसली नाही.

"साखर अलग आन हे अलग. लोक काय म्हनतीन? वावराच्या लालचीनं सुनेनं सासरा मारला म्हनतीन. तुमी तं सुटून जासान. मले त्याच गावात राहाचं हाये. पोरीचं लगन तिथंच जमवाचं हाये."

"ताई, तुम्ही एकट्या ठरवणार नाही," वकील म्हणाले. "आधी डॉक्टरांचं मंडळ पाहील, मग दुसरं मंडळ पाहील. आशा नाही असं त्यांनी सांगितल्यावरच तुम्हाला विचारतील. कागद पक्का आहे. फक्त तुमची संमतीची सही लागेल."

"कागद डॉक्टर वाचतीन, साहेब. गावात कोन वाचते?"

वकिलांनी पेन खाली ठेवलं.

प्रणालीनं कागदावरची ती रिकामी ओळ पाहिली. मग म्हणाली, "मी सही करीन, मामाजी. पन आधी बार्शीटाकळीले फोन लावा. आत्याबाईले तुमच्या तोंडानं सांगा. मोठ्यानं, स्पीकरवर."

खुशालरावांचा चेहरा उतरला. बार्शीटाकळीच्या पार्बताबाई त्यांची थोरली बहीण. भावकीतली कोणतीही गोष्ट त्यांच्या ओसरीवर फिरून आली की मगच खरी ठरे. आणि काचेतून पाहून "मशीन काढू नका" असं सगळ्यांत मोठ्यानं त्याच म्हणाल्या होत्या.

"तिले आत्ताच काहून? तिले मंग सांगू ना."

"मंग म्हंजे कवा? तुमची वाचा गेल्यावर?"

मृत्युपत्रावर खुशालरावांनी एका दमात सही केली होती. नंबर लावताना मात्र ते दोनदा चुकले.

"बाई, मी खुशाल. आयक. मी बेसुद पडलो आन डॉक्टरनं हात टेकले, तं मले मशीनवर ठेवाचं नाई. तवा नाई म्हनाचं काम मी प्रणालीले देल्लं. मीच देल्लं. मंग तिले कोनी बोललं, तं ते मले बोलल्यासारखं हाये."

"डोस्कं फिरलं का तुहं?" पार्बताबाईंचा आवाज खोलीभर झाला. "पोरगा जिता हाये ना तुहा?"

"जिता हाये. बाजूलेच बसला हाये. त्याच्यानं होनार नाई."



"सुनेले दे."

"बोला, आत्याबाई."

"भगवंताच्या येळी..." पार्बताबाई थांबल्या. आवाजातली धार गेली होती. "मी म्हनलं, काढू नका. मले वाटलं, कोनी तरी मले गप करीन. कोनीच नाई केलं वं."

प्रणालीनं फोन आणखी जवळ ओढला.

"तू कर सही. लोकाईचं मी पाहून घेईन."

प्रणालीनं कागद ओढला आणि सही केली. फोन अजून चालूच होता.

"आन काय वं," पार्बताबाई म्हणाल्या, "तुह्या येळी नाई म्हनाले कोन हाये?"

प्रणालीनं अमोलकडे पाहिलं. तो खाली बसून वडिलांच्या झटक्यानंतर जड झालेल्या पायात चप्पल चढवत होता. पाय आत जात नव्हता. तो जोर लावत नव्हता. हातानं टाच धरून तो पुन्हा पुन्हा, हळूच चढवून पाहत होता.