दांडीचा नको

जाड

“दांडीचा नको,” थोरली म्हणाली.

दुकानदाराने हातातला छोटा ग्राइंडर तसाच धरून ठेवला. वर दांडी, खाली डबी. दांडी फिरवली की मध्ये कॉफीच्या बिया दळल्या जातात. “ताई, घरी एस्प्रेसो करायला नुकतीच सुरुवात करताय ना? मग यंत्र साधं घ्या, ग्राइंडर चांगला घ्या. पूडच नीट नसेल तर यंत्र काय करणार? नवीन माणसाला हा उत्तम.”

“माझ्या बहिणीकडे आहे तो.”

“मग तर विचारायलाच नको.”

“म्हणूनच नको.”

धाकटी समोरच्याच इमारतीत राहायची. आई राहायची थोरलीकडे. औषधं थोरली द्यायची, चष्मा थोरली शोधायची, आईच्या पायाची नखं थोरली कापायची. आणि संध्याकाळ झाली की आई चपला सरकवून रस्ता ओलांडायची, धाकटीकडे कॉफीला. परत आली की म्हणायची, “तिच्या हाताला चव आहे हो.” थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्यात एकदा धाकटीच्या दारातूनच तिने पाहिलं होतं. आई गुडघ्यांत तो ग्राइंडर धरून दांडी फिरवतेय, आणि धाकटी खुशाल फोनवर हसतेय. म्हाताऱ्या बाईला दळायला बसवते. वर कौतुक तिचंच.

थोरलीने विजेचा ग्राइंडर घेतला. बटण दाबलं की काम झालं. वजनकाटा घेतला. पूड दाबायचा जड ठोकळा घेतला, पुडीतल्या गुठळ्या मोडायचा सुयांचा ब्रश घेतला, ठोकळ्याखाली ठेवायला रबरी गादीसुद्धा घेतली.

ओट्यावरची ती मांडामांड बघून नवरा म्हणाला, “कॉफी करतेयस की ऑपरेशन?”

“तुम्ही पेपर वाचा.”

जरा बारीक

पहिली कॉफी धोधो आली. पूड जाड राहिली की पाणी थांबतच नाही, आणि कॉफी आंबट होते. आई खुर्चीतून अर्धवट उठली. “मी काही करू का गं?”

“तू बस.”

थोरलीने वरून गरम दूध घातलं. आईने कप संपवला. “छान आहे.”

आणि संध्याकाळी चपला सरकवल्या.

फारच बारीक

थोरलीने ग्राइंडरची चकती बारीक दळणाकडे फिरवली. आता कॉफी थेंबथेंब आली, काळीकुट्ट. नवऱ्याने घोट घेतला आणि बेसिनकडे धावला. आईने कप संपवला. “छान आहे.”

तेच ‘छान’. पाहुण्यांकडे म्हणतात तसलं. थोरलीला ते गालावर चपराक बसल्यासारखं लागायचं.

एके दिवशी तर कमाल झाली. ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती आणि आत दूध करपलं. घरभर वास. आई गॅसपासून हातभर अंतरावर शेंगा सोलत बसली होती.

“अगं आई, लक्ष कुठे असतं तुझं?”

आईने उठून गॅस बंद केला. थोरलीला उत्तर माहीत होतं. कुठे म्हणजे काय, रस्त्यापलीकडे.

पुन्हा जरा जाड

मग एका संध्याकाळी तिने ग्राइंडर साफ करायला काढला. मिक्सरमध्ये ती अधूनमधून खडेमीठ फिरवायची. पात्यांना धारही येते, घाणही निघते. त्याच सवयीने तिने ग्राइंडरमध्ये मूठभर मीठ टाकलं आणि बटण दाबलं. मीठ खाली आलं. ते झटकून, आतून कोरडं फडकं फिरवून, मग थोड्या बिया दळून फेकायच्या, असं तिच्या डोक्यात होतं.

पण मागे चपलेचा आवाज झाला. आई निघाली होती.

“थांब. कॉफी पिऊन जा.”

“आल्यावर पिते की.”

“आल्यावर नाही. आत्ता. बस तू.”

झटकायचं, पुसायचं सगळंच राहिलं. थोरलीने बिया ओतल्या, दळल्या, तोलल्या, दाबल्या. कॉफी मधासारखी सावकाश उतरली. अशी धार आजवर पडली नव्हती. तिने एक कप आईपुढे ठेवला, एक स्वतःला घेतला, पण प्यायली नाही. आईच्या तोंडाकडे बघत राहिली.

आईने घोट घेतला. लेकीकडे पाहिलं. आणखी एक घोट घेतला.

“आज जमली बघ,” आई म्हणाली. “अगदी धाकटीसारखी.”

थोरलीला वाटलं, आत्ता गॅलरीत जावं आणि रस्त्यापलीकडे हाक मारून सांगावं. खुशीतच तिने आपला कप तोंडाला लावला.

खारट. जीभ आखडेल इतकं खारट.

आई सावकाश पीत होती. अर्ध्याहून जास्त कप संपला होता.

पीठ

“आई, ठेव तो कप.”

“का? चांगली झालीय.”

“मीठ आहे त्यात.”

आईने कप खाली ठेवला. पदराने ओठ टिपले. चोरी पकडली गेल्यासारखी हसली.

“काहीच लागत नाही गं. चव गेली, वासही गेला. तो मागचा ताप आला ना, तेव्हापासून.”

“धाकटीला माहीत आहे?” थोरलीच्या तोंडून आधी हेच निघालं.

“कुणालाच नाही. तुला सांगितलं असतं तर तू मला अंथरुणावरच निजवलं असतंस.”

“मग तिच्या हाताला चव आहे म्हणून रोज सांगतेस ते?”

“रोज जायचं म्हणजे काहीतरी कारण सांगायला नको?”

“चव नाही, वास नाही. मग जातेस कशाला रोज तिच्याकडे?”

आईने विजेच्या ग्राइंडरवर हात ठेवला. झाकण गुळगुळीत होतं, धरायला कुठे काही नव्हतं. तिने हात काढून घेतला आणि तळवा दुसऱ्या हाताने चोळला.

“तिथे दांडी फिरवली की बिया हाताखाली कडकड फुटतात. तेवढी कॉफी अजून कळते मला. ती सरळ डबा पुढे करते, म्हणते, दळ. तू म्हणतेस, बस.”