पायातला दोष

"पुढच्या चाकांच्या ब्रेकच्या दोन्ही डिस्क द्या, आणि पॅडचा सेट," सुनेने सांगितलं. शेजारच्या गॅरेजवाल्याने गाडीतून नुकतीच उतरवलेली जुनी डिस्क तिने काउंटरवर ठेवली. ताटाएवढी लोखंडी चकती ती, पण उचलताना हात भरून आला.

दुकानदाराने ती उलटसुलट करून पाहिली. "दोन्ही कशाला, ताई? एकच बदला. खरं तर बहुतेकांचं नुसत्या पॅडवर भागतं."

"पॅड मागच्याच महिन्यात बदललेत. तरी उतारावर ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं."

"मग मिस्टर काय म्हणतात?"

मिस्टर काय म्हणतात ते मागे स्टुलावर बसलेल्या सासूबाईंना पक्कं ठाऊक होतं, कारण मुळात ते त्यांनीच म्हटलं होतं. टेकडी उतरताना गाडी हादरली, तेव्हा दाराची मूठ घट्ट धरून त्यांनी जाहीर केलं होतं, की हिच्या पायाला अंदाज म्हणून नाही. मुलाने ते वाक्य अलगद उचललं. नवे पॅड घालूनही थरथर जाईना, तेव्हा त्याने निकालच देऊन टाकला: दोष गाडीत नाही, पायात आहे. तो स्वतः मुंगीच्या पावलांनी गाडी चालवतो आणि टेकडीकडे फिरकतही नाही, हे कुणी विचारात घेतलं नाही. आज हा शेवटचा उपाय. थरथर राहिली तर किल्ली त्याच्याकडे जाणार आणि सून टेकडीपलीकडच्या नोकरीला बस बदलत जाणार. चाळिशीत गाडी शिकलेली बाई ती. किल्ली हाती आल्यापासून तिची मान जरा ताठ झाली होती. ती मान पुन्हा खाली घालायची तिची तयारी नव्हती.

"एकच कशी?" स्टुलावरून आवाज आला. "एका पायातली चप्पल बदलतं का कुणी? जोडी काढा."

दुकानदाराने निमूटपणे जोडी काढली. मग पॅडचे दोन डबे पुढे सरकवले. एक स्वस्तातला, एक महागातला.

"रोज टेकडी उतरायची आहे," सून म्हणाली. "तापल्यावरसुद्धा पकड सोडणार नाहीत ते द्या."

दुकानदाराने तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं आणि महागातला डबा उघडला.

"थांबा. बांधू नका." सासूबाई उठून काउंटरपाशी आल्या. सपाट जागेवर टेकवून पाहिल्याशिवाय त्यांनी आयुष्यात एकही भांडं घरात आणलं नव्हतं. भांडं ठेवायचं, कडेवर समोरासमोर दोन अंगठे टेकायचे आणि आलटून पालटून दाबायचं. डुललं की परत. भांडीवाले त्यांना लांबून ओळखायचे आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळायचे. त्यांनी नवी डिस्क सपाट बाजूने काउंटरच्या काचेवर ठेवली.

"अहो आजी, काच फुटेल! हे काय पातेलं आहे?"

"फुटली तर हिच्याकडून भरून घ्या," सुनेकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या आणि अंगठे टेकले.

पहिली नवी डिस्क गप्प. दुसरीही गप्प. सासूबाईंनी समाधानाने मान हलवली. मग हाताला लागलीच म्हणून त्यांनी जुनी ओढली आणि दाबली.

टक्.

त्यांनी दुसरा अंगठा दाबला. टक्.

दुकानदार वाकला. त्याने स्वतः दाबून पाहिलं, कान लावून पुन्हा दाबलं. "वाकलीय की हो," तो म्हणाला. "हिच्यावर सोन्याचे पॅड घातले असते तरी गाडी थरथरलीच असती."

सुनेला एकदम हसू फुटलं आणि त्याच वेळी तिचे डोळे भरून आले. "म्हणजे माझा पाय नव्हता," ती म्हणाली. कुणाला म्हणाली, ते तिलाही कळलं नसावं.

जुनी डिस्क सासूबाईंनी कापडी पिशवीत घातली. "भंगारात देऊन टाका," दुकानदार म्हणाला, तर तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

गॅरेजवाल्याने डिस्क आणि पॅड बसवले, सपाट रस्त्यावर गाडी फिरवून आणली, पुन्हा पुन्हा ब्रेक लावून पाहिला आणि किल्ली सुनेच्या हातात दिली. तेवढ्यात ऑफिसातून मुलगा थेट तिथेच आला. आल्या आल्या त्याने हात पुढे केला. "आण किल्ली. मी बघतो चालवून."

"तू मागे बस," आई म्हणाली. ती कधीच पुढच्या सीटवर पट्टा लावून बसली होती.

तो मागे बसला. गाडी टेकडी चढली आणि उताराला लागली. अर्ध्या उतारावर पुढचा ट्रक अचानक थांबला. सुनेने ब्रेक दाबला. गाडी थांबली. स्टिअरिंग तिच्या हातात मुळीच हललं नाही, आणि सासूबाईंचे दोन्ही हात मांडीवरच्या पिशवीवर होते. दाराच्या मुठीकडे ते गेलेच नव्हते.

सासूबाईंनी मान मागे वळवली.

"काय रे, लागलं का काही थरथरल्यासारखं?"

"नाही," मुलगा खिडकीबाहेर बघत म्हणाला. "पण ते जुनं लोखंड कशाला घरी नेतेयस?"

"ओट्याशेजारी ठेवणार आहे." सासूबाईंनी पिशवीवर थाप मारली. "यापुढे घरात हिच्या पायाला कुणी बोललं, तर त्याने आधी ही ओट्यावर ठेवून दाबायची. मी बोलले, तरीसुद्धा."

ट्रक हलला. सुनेने ब्रेकवरचा पाय अलगद उचलला.