उसने ठोके

डॉक्टरांनी शाल्मलीच्या छातीवरची चकती सोडवून तिच्या नणंदेला लावली. शाल्मलीच्या छोट्या लेकीचे, ओवीचे, हृदयाचे स्नायू तिच्याच प्रतिकारशक्तीने पोखरले होते. ताल चुकणारं तिचं हृदय वर्षभर त्या चकतीतून आईच्या ठोक्यांवर चालत होतं. पण लेक नुसती खोकली तरी शाल्मली घाबरायची, आणि तिची धडधड जशीच्या तशी ओवीच्या छातीत उतरायची.

"वन्सं, घाबरणार नाही ना तुम्ही?"

"अगं, मी स्वतःच्या साखरपुड्यात पेंगले होते!"

पडद्यावरची ओवीच्या ठोक्यांची रेघ संथ झाली. ओवीचा डोळा लागला.

"आता रडलात तरी चालेल," डॉक्टर शाल्मलीला हळूच म्हणाले.

वर्षभर दाबलेलं रडू तिला फुटलं. लेकीच्या उशाशी ती हुंदके देत राहिली, आणि रेघेचा ताल जराही चुकला नाही.